दोन रेघांच्या मधे

बॉनेट पहाटेच उघडायचं, इंजिन रात्रभर निवल्यावर.
हे मला जोमा भोईरनं शिकवलं.
त्याच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत
गुळगुळीत गुलाबी कातडं आहे,
तळवलीच्या गॅरेजात नव्या गिऱ्हाइकाला
तो ते एकदाच दाखवतो:
"ताई, गरम हाय तवर झाकनाला हात नको लावू.
आतलं पानी वाटच बघत असतं."

झेन नव्व्याण्णवची.
विकायला काढली तर भंगारवाला वजन विचारेल.
तरी मंगळवार, गुरुवार, शनिवार
ऐरोलीहून वाशीला जाते आणि परत येते.
शेजारच्या सीटवर हे,
मांडीवर शाल, डाव्या हातावर
सुयांनी फुगलेली शीर, तिच्यावर कापसाचा बोळा.

टाकीवर दोन रेघा असतात.
हिरवं पाणी त्या दोघींच्या मधे हवं.
उतरलं तर अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड;
नळाचं नाही, मोरब्याचं कितीही गोड लागलं तरी
आत जाऊन ते खडूसारखं बसतं.

ओट्यावर ह्यांची बाटली.
तिच्यावरही रेघ आहे, मीच मार्करने ओढलेली:
दिवसाला आठशे मिली,
चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट धरून.

मी गाडीत ओतत असते तेव्हा हे बाल्कनीत उभे.
परवा वरूनच म्हणाले,
तिला बरी मोजून देत नाहीस!
मी म्हटलं, ती गळते.
तुमचं गळत नाही, तोच तर घोळ आहे.
तळमजल्यावरच्या सोनटक्केबाई दाराआड गेल्या.
आम्ही दोघं मात्र बराच वेळ हसत होतो.

पहिल्यांदा सगळं पाणी काढलं
तेव्हा खालच्या नळीतून उकळलेल्या चहाचा रंग आला,
मग गंजाचे कण, मग नुसतंच थेंब थेंब.
किती वरसं बदललं नाय, जोमानं विचारलं.
गाडी तेव्हा ह्यांच्या हातात होती.
हे कुणालाच काही दाखवत नसत,
गाडीचं नाही, सुजलेल्या पायांचंही नाही.
थर्मोस्टॅट तर आधीच्या मेकॅनिकनं
काढूनच टाकला होता. कटकट नको.
जोमानं नवा बसवला.
"इंजिन तापलंच नाय तर ते पन वाईट, ताई."

आता मला कळतं:
वरचा पाइप दाबून बघायचा,
भिजल्या पावासारखा लागला तर त्याचे दिवस भरले.
रेडिएटरच्या जाळीत खदाणीची धूळ, मेलेले चतुर,
जुन्या टूथब्रशनं वरून खाली,
आडवं घासलं की पाती मुडपतात.

मेमधला शनिवार. दुपारचे अडीच.
महापेच्या पुलाखाली ट्रेलर आडवा पडलेला,
मागे पुढे कंटेनर, आणि काटा
लाल पट्ट्याला टेकलेला.
पंख्याचा आवाज नाही.
कडेला घ्यायला कड नाही.
मी काचा खाली केल्या
आणि हीटर लावला, पूर्ण.
इंजिनचा ताप आपल्या अंगावर घ्यायचा,
जोमाची ही शेवटची युक्ती.

भट्टीचं तोंड उघडलं तसं झालं.
घाम डोळ्यांत, स्टिअरिंग हाताला चटके देतंय,
बाजूचा डिलिव्हरीवाला हेल्मेट वर करून
वेडी बाई बघतोय.

चार तास सगळं रक्त बाहेर हिंडून आलं
की हे थंडीनं कुडकुडतात, वैशाखातसुद्धा.
मी म्हणाले, थोडंसं सोसा.
ह्यांनी शाल बाजूला केली,
दोन्ही पंजे जाळीसमोर धरले,
शेतावर शेकोटीपुढे धरावेत तसे, उलटसुलट.
असू दे, म्हणाले. बरं वाटतंय.

काटा एक रेघ उतरला, मग अर्धी.
ट्रेलर हलला.

पंख्याचा फ्यूज गेला होता. जोमानं वीस रुपये घेतले.
त्याला मी हे सांगितलं नाही,
की घणसोलीला काटा मधोमध आला होता
आणि हीटर मी ऐरोलीपर्यंत
चालूच ठेवला.